खाडीच्या गोगलगायींची वही

प्रेम नगर, झाशी
९ नोव्हेंबर १९९४

चि. कमल, अनेक आशीर्वाद.

इथे सगळे बरे. थंडी सुरू झाली. यांचा गुडघा दुखतो, पण बबिनाला जुन्या पलटणीतल्यांना भेटायला जाणं सोडत नाहीत. मागच्या आठवड्यात शाळेच्या मुलींना बरुआसागरच्या तलावावर गोगलगायी दाखवायला नेलं. एकीने विचारलं, "मॅडमजी, समुद्रातही असतात?" म्हटलं, असतात.

खाडीतल्या गोगलगायींवरच्या तुझ्या कामाचं पेपरातलं कात्रण आईने पाठवलं. शेजारच्या मिश्राइनजींनी फोटो पाहिला. "भाभीजी, छोटी बहन तो बड़े नाम वाली निकली!" मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले, ती बराच वेळ बाहेर आले नाही.

त्या खाडीत आधी मी उतरले होते, कमल. तू बादली धरायचीस आणि पाय रुततात म्हणून रडायचीस. एम.एस्सी. अर्धी टाकून मी लग्न करून इकडे आले, आणि माझी खाडी तुझी झाली.

जूनमध्ये तू माझी १९७१ सालची गोगलगायींच्या नोंदींची वही मागितलीस, खाडीकाठी कारखाना यायच्या आधीची. मी लिहिलं, बबिनाहून घर हलवताना हरवली.

हरवली नव्हती. ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली होती. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी ती काढून चाळली होती.

पुढे तू कळवलंस, खाडीत सोडलेल्या सांडपाण्याच्या सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने विचारलं, "पूर्वी इथल्या गोगलगायींची कवचं जाड होती, याला पुरावा काय?" आणि तुझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. ते वाचून मला बरं वाटलं. सांगायची लाज वाटते, पण वाटलं खरं.

परवा यांना ट्रंकेत वही सापडली.

"कमल मागत होती ती हीच ना?"

"नाही, दुसरी."

यांनी वरचं नाव आणि साल वाचलं, वही होती तिथे ठेवली. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाले.

काल तुझं पत्र आलं. चिखलात तांबं, शिसं, कॅडमियम. बोट लावलं तरी गोगलगायी अंग आत ओढून घेत नाहीत, खडकावरून गळून पडतात. अंड्यांच्या पिशव्या पोकळ. आणि शेवटी, "वहीचं मनाला लावून घेऊ नकोस, ताई."

तू भांडली असतीस तर मी वही दिली नसती.

आज सकाळी रजिस्टर पोस्टाने पाठवली. दोनशे बारा गोगलगायींची मापं, कवचांची जाडी, अंड्यांची मोजणी, सगळं तारखेनिशी. पुढच्या सुनावणीआधी पोचेल. वर माझं माहेरचं नाव आहे, ते तिथे मोठ्याने वाच. बाकी काही मागत नाही.

माझा हेवा गेलाय असं समजू नकोस. तुझा पुढचा फोटो आला की पुन्हा जळेन.

आज खाली 'तुझी ताई' असं लिहायला हात धजत नाही.

प्रेमला