टँकपुढचा माणूस

२ डिसेंबर, सोमवार

आली एकदाची अमरावतीले. बडनेऱ्याले उतरली तर मोनाली गाडी घेऊन उभी. गाडी म्हणजे दोन चाकांची. मांडीवर तुरीची डाळ, मधात वांगे, पायाशी ज्वारीच्या पिठाची थैली, अन् या सगळ्याच्या मागे मी. पोट्टी म्हणे, आजी, फौज निघाली का रसद घेऊन? नात माझी आहे, तोंड माझ्यावरच गेलं.

साईनगरात तिची तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा आहे. तिले फौजेत अफसर व्हायचं आहे, त्याचा क्लास लावला. मेसचं खाऊन पोट बिघडलं, म्हणून स्वयंपाकाले मले बोलावलं. खोल्या झकास आहेत, उजेड येते. घरमालकीण शकुनबाईनं आल्या आल्या विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हणलं, तुमच्या नळाले पाणी येईपर्यंत. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं.

ही वही मोनालीनं दिली. रोज लिही म्हणे, वेळ जाते. चौथी शिकलेल्या बाईनं काय लिहावं? पण लिहून राहिली.

४ डिसेंबर, बुधवार

मोनाली दुपारी चार वाजता लॅपटॉपवर लढाई खेळते. मी म्हणलं, अभ्यास सोडून हे काय? तर म्हणे, हाच अभ्यास आहे. हा धडाधड गोळ्या झाडायचा खेळ नाई, डोकं चालवायचा आहे. पायी फौजेचे आठ जण अन् एक टँक. टँकले दूरचं दिसते, पायाजवळचं दिसत नाई. म्हणून मोकळ्या रानात टँक पुढं अन् माणसं त्याच्या आडोशाले. झाडीत अन् वस्तीत माणसं पुढं, टँक मागे.

एवढं सांगून तिनं टँक उघड्यावर नेला. पहिल्याच गोळ्यात जळाला. मी म्हणलं, अक्कल गहाण ठेवली का? दोन वावरांच्या मधात मातीचा उंच धुरा आहे ना, त्याच्या आड उभा कर, नुसतं डोकं वर राहू दे. केलं तसं. जिंकलो. ती माझ्याकडे पाहतच राहिली. क्लासच्या सरांनी हेच दोन तास शिकवलं म्हणे. सरांनी कधी डुक्कर हाकलले नसतील वावरातले.

७ डिसेंबर, शनिवार

आता माउस माझ्याच हाती असते. मोनाली मैत्रिणींले फोनवर सांगून राहिली, माझी आजी जनरल आहे. आंगावर मूठभर मांस चढलं.

आज तिनं आमच्या वावराचाच नकाशा बनवला, आकाशातून काढलेल्या फोटोवरून. नाला, बाभळी, धुरे, सगळं जागच्या जागी. काळ्या मातीत टँक फसते, हेही त्या खेळाले समजते. आठ जणांले नावं दे म्हणे. मी गावातले सात कामचुकार मोजून दिले. एकाले तर बसल्या बसल्या दम लागे. हसून लोळली ती. मग म्हणे, अन् सगळ्यात पुढचा कोण?

तोंडातून निघून गेलं, संघपाल.

कोण होता, विचारलं तिनं. होता एक मजूर, म्हणलं, अन् भाजी पाहाले उठली. भाजीले काई झालं नव्हतं.

९ डिसेंबर, सोमवार

संघपाल हुकमाआधीच पुढं निघते. बाकीचे सात वाट पाहतात. वावरात उतरायच्या आधी थांबते, टाच दोनदा दाबते, मग पाऊल टाकते. मी विचारलं, हा असा काहून चालते? मोनाली म्हणे, सगळे सारखेच चालतात आजी, एकच चाल भरलेली आहे.

नाई. पावसानंतर ट्रॅक्टर वावरात घालायच्या आधी आमच्याकडे एक माणूस पुढं चालवतात. जमीन धरते का फसते, ते तो पायानं सांगते. आमच्या घरी बारा वर्ष ते काम संघपालचं होतं. टाच दाबून म्हणे, बाई, आज नाई, परवा. अन् परवाच वाफसा होये, जमीन ट्रॅक्टर धरे.

तो माणूस मेला त्याले बारा वर्ष झाले.

११ डिसेंबर, बुधवार

आज पश्चिमेच्या धुऱ्याजवळ, दोन बाभळींच्या मधात, संघपाल नाहीसा झाला. गोळी नाई, धूर नाई. होता अन् नव्हता. कोपऱ्यातला जिवंत माणसांचा आकडा आठच. मोनालीनं नकाशा उघडून पाहिला, तिथं खड्डा नाई. मले विचारलं, आजी, खरंच तिथं काय आहे?

मी म्हणलं, काई नाई. सपाट आहे.

तिथं विहीर आहे. जुनी, बिनकठड्याची, तोंडावर गवत माजलेलं. त्या दिवशी ट्रॅक्टर उभा होता, आभाळ भरून आलं होतं, मले घाई. संघपाल म्हणे, बाई, इथं पोकळ लागते. मी चार लोकांसमोर म्हणलं, चाल ना पुढं, मरतं काय? लोकं हसले. तोही हसला. अन् गेला.

मी पंचांले लिहून दिलं, दारू पिऊन आपल्या मनानं गेला. दारूले शिवत नव्हता तो. विहीर बुजवली, असंही लिहून दिलं. मुरूम कोण आणते? वर कापसाची वाळकी पऱ्हाटी टाकली अन् त्यावर माती. त्याच्या इंदूबाईले गाव अजून दारुड्याची बायको म्हणते. ती मले पाहून पदर सारखा करते, हात जोडते. मी दुसरीकडे पाहून थुंकल्यासारखं करते.

१२ डिसेंबर, गुरुवार

खेळातले शिपाई इंग्रजी बोलतात. आज हेडफोनमधून बाईचा आवाज आला. मोनालीनं हेडफोन काढून माझ्या कानाले लावला.

चाल ना पुढं, मरतं काय?

मोनाली हसून राहिली होती. म्हणे, सेम तू! कधी भरलं हे? मानेपर्यंत तोंड तापलं. मेल्या माणसाची भीती वाटाले पाहिजे होती. मले आपल्याच आवाजाची लाज वाटली. एवढा खुशीत होता तो आवाज.

१३ डिसेंबर, शुक्रवार

संघपाल आता शत्रूकडे पाहत नाई. बाकीचे सात तिकडे, त्याचं तोंड इकडे. हुकमाची वाट पाहते. लॅपटॉप बंद केला. झाकण उघडलं तर तसाच.

मोनालीले सांगायचं ठरवलं. फोडणी झाली की. मग जेवण झालं की. मग ती म्हणे, दमली मी, झोपते. बरं वाटलं मले. बरं वाटलं! शकुनबाईले पायरीवर उभी करून आडवी-उभी बोलते मी, अन् हे एक वाक्य—

१४ डिसेंबर, शनिवार, सकाळी

मोनाली निळी बॅग घेऊन पहिल्या गाडीनं गेली. चिठ्ठी ठेवली— गावी जाऊन येते. वावर पायी फिरून नकाशा दुरुस्त करते. तू सपाट म्हणते, मग तो जाते कुठं, पाहू.

नऊ वाजता

फोन लावला. म्हणलं, तिकडे साप आहेत, जाऊ नको. हसली. म्हणे, सापाले भ्यायली तर अफसर कशी होणार? इंदूबाई सोबत आहे म्हणे, बांधावर भेटली, वाट दाखवून राहिली. फोन देऊ का तिले?

नको म्हणलं.

इंदूबाईच्या कानावर पडलं असतं. तिच्यासमोर कसं— ठेवून दिला फोन. मीच ठेवला.

दहा वाजता

लॅपटॉपले हात लावला नाई मी. आपोआप सुरू आहे.

वावर. संघपाल पुढं. मागे सात नाईत. मागे दोन बाया. एकीच्या डोक्यावर पदर. एकीच्या पाठीवर निळी बॅग—

बाभळी दिसून राहिल्या.

सव्वादहा

फोन उचलला तिनं. मी बोलाले गेली— आवाज नाई. नुसती हवा. तिकडून मोनाली म्हणे, हो व आजी, ऐकलं ना, चालूनच राहिली पुढं.

मी काई बोलली नाई. बोलून राहिला तो लॅपटॉप. माझ्या आवाजात. हसून.

पुन्हा लावला. तेच. पुन्हा—

संघपाल थांबला. टाच दाबली. इकडे पाहून राहिला.

घसा फाडला. काई निघत नाई. मेसेज टाकता येत नाई मले. फोटो पाठवता येते, तिनंच शिकवलं. हे पान पाठवते. मोठ्या अक्षरात—

मोनाली थांब. जागेवर थांब. इंदूबाईले धर. बाभळींच्या मधात विहीर आहे, मी बुजवली नाई. हे तिले वाचून दाखव, मोठ्यानं. संघपाल दारू प्यायला नव्हता. तो थांबला होता, इंदू. पोकळ लागते म्हणे. त्याले मी सगळ्यांसमोर—