मार्चच्या यादीतलं पहिलं नाव

तोआ पायोह, सिंगापूर, १४ डिसेंबर २०१४

प्रिय नील,

स्काइपवर तुझा चेहरा दिसला की मी 'जेवलास का, आत्या काय म्हणते' यावरच घसरतो, म्हणून हे पत्र. पुण्याला साधनाआत्याकडे जाऊन तुला सहा महिने झाले आणि दर रविवारी तुझा एकच प्रश्न असतो, आपल्या बेसबॉल टीमचं यंदा काय? तर आधी तेच सांगतो.

यंदाचं काही खरं नाही, बाळा. तुझ्या जागी पिचर म्हणून कुशल उभा राहतो. हातात जोर आहे, पण चेंडू कुठे जाईल हे त्याला आणि देवालाच ठाऊक. काल एक थेट माझ्या पाण्याच्या बाटलीवर आला. तुझे चेंडू झेलणारा कॅचर वेइजी अजून तसाच खंदा आहे, पण एप्रिलमध्ये त्याला इथल्या सगळ्या मुलांसारखं सक्तीच्या दोन वर्षांसाठी आर्मीत हजर व्हायचंय, म्हणजे फार तर दोन सामने मिळतील. पठ्ठ्याने आत्ताच केस भादरून घेतलेत आणि सगळे त्याच्या डोक्यावर टपल्या मारतात. तोही हसत होता. मला मात्र त्याच्याकडे बघवेना.

स्कोअर अजून मीच लिहितो. आठवतं, पहिल्या वर्षी क्रिकेटच्या सवयीने मी तुझ्या दर सहा चेंडूंनंतर ओव्हर संपल्याची रेघ मारायचो? वही बघून कोच लिमनी कपाळाला हात लावला होता. मग तू मला चार संध्याकाळी समोर बसवून शिकवलंस, तेही न चिडता. काल नव्या सीझनची यादी लिहायचं काम कोचनी माझ्याकडेच दिलं. त्यांच्या नेहमीच्या 'ला'सकट म्हणाले, "फर्स्ट नेम, नील. अंकल, टेल हिम कम बॅक बाय मार्च, ला!" मी मान डोलावली आणि तुझं नाव लिहिलं.

इथल्या मंडळाच्या गणपतीत आम्ही सगळे बाप प्रसादाची ताटली हातात घेऊन एकमेकांना हेच विचारायचो, मुलाच्या आर्मीचं काय करणार? संजीवकाकांनी त्यांच्या सौमित्रला आर्मीचं बोलावणं यायच्या आधीच भारतात पाठवलं, ते मला शहाणपणाचं वाटलं. तू रायफल घेऊन चिखलात सरपटतोयस, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. आई म्हणत होती, नीलला विचार. मी म्हटलं, सोळा वर्षांच्या पोराला काय विचारायचं?

नील, जूनमध्ये कॉलेजचे कागद म्हणून मी तुझ्या सह्या घेतल्या, त्यात तुझा पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा हक्क, सोडायचा फॉर्म होता. तो मंजूर झालाय. आर्मी न करता पीआर सोडणाऱ्या मुलाला पुढे इथे शिकायला, नोकरीला येणं फार अवघड होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. 'एक वर्ष बघ, नाही आवडलं तर मार्चमध्ये सीझनला परत ये' असं मी तुला विमानतळावर म्हणालो, ते खोटं होतं. तू मात्र ते खरं मानून रोज आत्याच्या गच्चीत भिंतीवर चेंडू मारतोस, असं तिने सांगितलं आणि माझा धीर सुटला. यादी शनिवारी द्यायचीय. सकाळी तुझं नाव खोडायला बसलो होतो, पण आणखी एक कागद तुला न विचारता करवेना. माझ्यावर ओरड, रविवारचा फोन घेऊ नकोस, पण वेइजीला आणि कोचना मी काय सांगू, तेवढं तू सांग. तू सांगशील तेच सांगेन.

अजूनही तुझाच,
बाबा