निळ्या फुलांची थाळी

शनिवार, १९ ऑक्टोबर २०१३. दम्माम.

तर गो रईसा, सगळ्यात आधी कोण आलं असेल सांग? आपल्या सुनेच्या, झेबाच्या मैत्रिणी नव्हेत, माझ्या उमैरच्या कंपनीतलंही कुणी नव्हे. आमच्या बॅगा अजून लिफ्टजवळच होत्या आणि दोन बायका दारात उभ्या! मायलेकी, काळ्या बुरख्यात. मी म्हटलं अरबी असतील, नुसता हातानं सलाम केला. तर थोरली म्हणते कशी, तुम्ही दाभोळच्या ना? गो, मी उडालेच. आपल्याच बोलीत! म्हणाली, आम्ही बाणकोटकडच्या, ह्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत असतो, आमचा माणूस बसनं यायचाय, त्याची वाट बघतोय. मी आत या म्हटलं तर म्हणाल्या, आज नको, आधी तुमचं सामान लागू दे. जाताना मी म्हटलं, या हं परत. थोरलीनं वळून विचारलं, येऊ ना नक्की? मी म्हटलं, या म्हणजे याच.

हे सगळं फोनवर सांगायला गेलं की मध्येच लाइन तुटते आणि तू नुसती हॅलो हॅलो करत बसतेस. म्हणून नातीची, लाइबाची अर्धी कोरी वही मागून घेतली. घरी आले की तुझ्या पडवीत बसून वाचून दाखवीन. माझी मराठी शाळा चौथीची, तेव्हा हसायचं नाही. एक मजा आहे. झेबा उर्दू शाळेची, तिला ही अक्षरं लागत नाहीत, म्हणजे तिच्याबद्दलही मोकळेपणी लिहिता येईल. लाइबाला तर एबीसीडीच तेवढी येते. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींना वाटतं आपलं छान जमतं.

आता हॉटेल. गो, बाई! भिंतीएवढी खिडकी आणि खाली बसचा मोठा स्टँड. रियाधच्या, बहारीनच्या, जेद्दाच्या गाड्या येतात आणि जातात, मला सिनेमा बघायचं कामच नाही. नळाला गरम पाणी आपोआप. पलंग इतका मऊ की उठायला लाइबाचा हात लागतो. कोपऱ्यात छोटं स्वयंपाकघरसुद्धा, दोन शेगड्यांचं. उमैरची जुनी कंपनी लाल यादीत गेली, तिथे सौदी माणसं पुरेशी ठेवली नव्हती म्हणे. नव्या कंपनीनं त्याला घेतलं आणि कागद बदलून होईपर्यंत आम्हा सगळ्यांना इथे ठेवलं. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्याकडे. रविवार तीन तारखेच्या आत कागद व्हायला हवेत, नाहीतर खलास, असं उमैर म्हणतो आणि नखं खातो. लहानपणी चापट मारायचे त्याला त्यासाठी, आठवतं?

सोमवार, २१ ऑक्टोबर

खाली काउंटरवर रफीक म्हणून आहे, मंडणगडचा. दाढी पांढरी झाली इथेच. मला खालाजान म्हणतो. त्याची जागाही सौदी मुलाला मिळाली, महिनाअखेर तो कायमचा घरी. जुने नोकर सगळे असेच एकेक करून गेले म्हणाला. नवा मुलगा शिकतोय त्याच्या हाताखाली, अली, गुणी पोर, मला बघून उभा राहतो.

झेबा आणि उमैर दुपारी भाड्याचं घर बघायला हिंडतात. मी आणि लाइबा दोघीच. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली आणि मायलेकी आल्या. हातात थाळी, वर रुमाल. एनॅमलची, काठाला निळी फुलं. माझ्या माहेरी अगदी अशीच होती! आत सांदणं, वाफवलेली, पांढरीशुभ्र. खाऊन बघितली तर ना मीठ ना गूळ, चवच नाही कसली. तोंडावर छान म्हटलं. आपल्यात काय बोलायचं, त्यांच्या घरी करणारं कुणी धड नसावं. धाकटी तर एक शब्द बोलत नाही, नुसती लाइबाकडे बघून हसते. चहा केला, दोघींनी कप हातात धरला आणि तसाच ठेवला. साय धरली त्याच्यावर. थाळी ठेवून गेल्या. बुधवारी न्यायला येतो म्हणाल्या.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आल्या. आता थाळी रिकामी कशी द्यायची? लाइबाला जवळ बसवून शिकवलं, बघ बेटा, कुणाची थाळी आली तर ती रिकामी परत करायची नाही, काहीतरी घालायचंच, चिमूटभर साखर का होईना. व्हाय, म्हणाली. मी म्हटलं, व्हाय नाही नि बिय नाही, आपल्या घरी कुणी दिलेली नाही म्हणून. तुझे पापड होते बॅगेत, तेच घातले. थोरलीनं पापड वास घेऊन बघितले आणि विचारलं, कुणाच्या हातचे? मी म्हटलं, माझ्या जावेच्या, रईसाच्या. पुढची दहा मिनिटं तुझंच कौतुक, तुझ्या सांदणाचं, तू ती गरम असतानाच तीन बोटांनी चिमटून काठ कसे करतेस त्याचं. दोघी इतक्या मन लावून ऐकत होत्या. तुला उचकी लागली असेल.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

काल सकाळी रईसा गेली.

चुलीपाशी बसल्या बसल्या, हुसेनमियाँनी फोनवर रडत सांगितलं. आजारी नव्हती काही नव्हती. बिचारे एवढे खोकत होते की अर्धं कळलंच नाही. माझा दीर माझ्यासमोर कधी रडला नव्हता.

आता ही वही कुणासाठी लिहू? तरी तुलाच लिहिते, रईसा. दुसऱ्या कुणाला सांगायची सवय नाही मला.

असरनंतर मायलेकी आल्या. वाटलं मातमपुरशीला, सांत्वनाला आल्या असतील, पण त्यांना कोण सांगणार? थोरली म्हणाली, आता आमच्या घरात करणारी आली, बरं झालं. थाळी ठेवून गेल्या. रुमाल काढला. सांदणं. गूळ घातलेली, वेलचीची. आणि काठाला तीन बोटांची चिमटी.

खूप वेळ त्या चिमट्यांवर माझी बोटं ठेवून बसले. मग वाटलं, दुःखात माणसाला काहीही दिसतं.

रविवार, २७ ऑक्टोबर

थाळी न्यायला आल्या. माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. हाताला लागली ती आमसुलं घातली. कुणाच्या हातची, विचारलं. हुसेनमियाँ स्वतः वाळवतात, म्हटलं, माझे दीर. बोलून झाल्यावर आमसुलं परत काढून घ्यावीशी वाटली. का ते कळलं नाही. जाताना थोरली दाराशी थांबून राहिली, मी काय म्हणायची ते म्हणेपर्यंत. मी म्हटलं, या. तेव्हाच गेली.

सोमवार, २८ ऑक्टोबर

हुसेनमियाँ गेले. आज पहाटे, फजरला. सगळे म्हणतात बायकोच्या मागोमाग गेला, भाग्याचा. उमैर दुपारभर डोकं धरून बसला होता.

असरला दार वाजलं. मी उघडलं नाही. थोड्या वेळानं बघितलं तर थाळी उंबऱ्याशी ठेवलेली. आमसुलाची चटणी.

आणि जिन्याच्या टोकाकडून कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडा, मग एक लांब, शेवटी हाय अल्ला. चाळीस वर्षं पडवीतून ऐकलाय तो खोकला मी. दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

रफीक निरोप घ्यायला वर आला. आज त्याचं विमान. टेबलावर थाळी बघितली आणि मान खाली घातली. विचारलं, खालाजान, ही भरून तर नाही ना दिलीत? मी म्हटलं दोनदा. मग बोलला. शेवटच्या खोलीत कुणी राहत नाही. फार वर्षांपूर्वी एक बाई आणि तिची मुलगी तिथे उतरली होती, आपल्याकडच्याच. नवरा बसनं न्यायला येणार होता. तो आला नाही. दोघी बंद खोलीत शेगडीच्या धुरानं गेल्या. तेव्हापासून ती खोली द्यायची नाही आणि थाळी कुठे दिसली तर हात लावायचा नाही, एवढं जुन्या नोकरांना ठाऊक होतं. ते सगळे गेले. त्याला वाटलं ती थाळी आमच्यापर्यंत येणार नाही. आम्ही गावची माणसं, म्हणूनच आली असेल म्हणाला. रडला बिचारा. मग खालून टॅक्सीवाला ओरडला, यल्ला यल्ला, आणि तो गेला.

आता लख्ख कळलं. ज्याच्या हातचं मी त्या थाळीत घातलं, ते माणूस त्यांच्याकडे गेलं. त्यांना त्यांचं घर भरायचंय.

रईसा, मी दिली तुला. पापडांसकट.

उमैरला सांगितलं, आत्ताच्या आत्ता इथून निघू. तो म्हणाला, अम्मी, पासपोर्ट नाहीत, राहायचा परवाना, इकामा, बदलतोय, कागदाशिवाय कुठलं हॉटेल घेईल? सोमवारपासून रस्त्यात पकडणार आहेत लोकांना. झेबा म्हणाली, अम्मींना सदमा बसलाय. दोघांचं खरंच आहे त्यांच्या परीनं.

थाळी रिकामी करून लिफ्टजवळ ठेवून आले. थोड्या वेळानं अली हसत वर आला. खालाची थाळी राहिली म्हणून घेऊन आला. पुसून.

बुधवार, ३० ऑक्टोबर

ठरवलं होतं, आल्या की रिकामी हातात द्यायची. तोंडावर. जन्मात केलं नाही ते करायचं.

असरच्या वुजूला, हातपाय धुवायला बसले होते. नळ चालू. बाहेर लाइबाचा आवाज, कुणाशी तरी बोलत होती. पळत आले. दार उघडं. थाळी नाही.

पोर खुश. म्हणाली, दादी, आय डिडंट गिव्ह इट एम्प्टी. शहाण्यासारखं तोंड करून.

काय घातलंस? काय घातलंस गो?

तिनं ओवलेली मण्यांची माळ. तिनं स्वतः. तिच्या हातची. आंटीनं विचारलं म्हणे, कुणी केली. मी, म्हणाली. त्या जुम्म्याला येतो म्हणाल्या. आणि हिनं उत्तर दिलं — मी देते तसंच — या.

मी शिकवलं. मीच शिकवलं तिला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

ताप. सकाळपासून अंग भाजतंय. डॉक्टर म्हणतो व्हायरल.

बडबडते. आंटी म्हणते आमच्याकडे खेळायला ये. तिथे एक दादी आहे, सांदणं करते, हँड्स कोल्ड आहेत तिचे.

रईसा, तिला घेऊ नकोस. तुझं काही ऐकत असतील तर सांग त्यांना. तिथे कामाला माणूस हवं तर मी येते —

शुक्रवार, १ नोव्हेंबर

झेबा आणि उमैर लाइबाला हॉस्पिटलात घेऊन गेलेत. उतरत नाही ताप. मी येत नाही म्हटलं. उमैर रागानं बघत गेला.

घावन केले. तांदूळ मीच भिजवले, मीच वाटले, मीच घातले. कुणाचा हात लागू दिला नाही. दार सताड उघडं ठेवून बसले आहे.

अजान झाली —

शुक्रवारच. नंतर.

आल्या. थाळी घेऊन. थाळीत लाइबाची माळ. मी माळ उचलली आणि घावन पुढे केले. म्हटलं, हे माझ्या हातचे. वास घेऊन बघा. पोर सोडा.

थोरलीनं वाकून वास घेतला. मग घावन रुमालात बांधून घेतले. धाकटी हसली. मागे जिन्याकडे खोकला.

त्या वळल्या आणि फोन वाजला. झेबा! अम्मी, ताप उतरला, उठून बसली, ज्यूस मागते! गो रईसा, मी खाली बसले आणि लहान मुलीसारखी रडले. हसलेसुद्धा. मला भीती नाही वाटत आता. ही वही घेऊन येईन म्हटलं, सगळं वाचून दाखवीन, तू तिथे आहेस, हुसेनमियाँ आहेत, मग काय —

डोळे पुसले आणि टेबलाकडे बघितलं.

थाळी इथेच आहे.

घावन रुमालात नेले. थाळी नाही नेली. थाळी माळ घेऊन आली म्हणजे — म्हणजे आता ती आम्ही परत करायची —

थोरली जाताना बोलली होती काहीतरी. आनंदात ऐकलं नाही नीट. थाळी न्यायला येऊ म्हणाली. आणि माझ्या तोंडातून गेलं. या.

पण मी तर नसेन. रईसा दुसऱ्या सकाळी गेली. हुसेनमियाँही. मी उद्या — आणि नंतर दार वाजेल, झेबा माणसांच्या गडबडीत, आणि लाइबा उघडेल. शहाणं पोर. रिकामी देणार नाही ती.

फरशीवर आपटली. टवकासुद्धा नाही उडाला.

फोन लावला. उमैर हॅलो हॅलो करतोय. माझा आवाजच येत नाही. हात गार पडलेत. अक्षर —

झेबाला वाचता येत नाही हे. उमैर, तू वाच. कधी उघडली नाहीस माझी वही, आता उघड. थाळी रिकामी द्या. पोराला दाराशी जाऊ देऊ नका. या म्हणू नका, कुणीच म्हणू नका. त्या येतील, सांगून गेल्यात, असरनंतर, सोमवारी, सोमवा