व्हिएन्नाचा उलटा नकाशा

अहो,

"किती बारीक छापतात लेकाचे," असं तुम्ही मघाशी नकाशावर कुरकुरलात, ते मी चहा आणताना ऐकलं. नकाशा तुमच्यापुढे उलटा होता. तुम्ही मात्र लीनाला ऐटीत सांगत होतात, मुक्काम व्हिएन्नात, सकाळी साल्झबर्गला जायचं, संध्याकाळी परत. बोट भलतीकडेच. पोरीने गुपचूप नकाशा सुलटा केला नि म्हणाली, "ओके, बाबा." तिलाही ठाऊक आहे, आणि तरी बुदैयाच्या घरून मनामा शहरात जायला रोज आपण तुम्ही चालवता त्याच गाडीत बसतो.

तुमची आंघोळ होईतो मी निघतेय, डॉक्टरांची वेळ घ्यायला. गाडीची चावी नेतेय, ऑफिसला टॅक्सीने जा. सहल होईल, साल्झबर्गला मी हात धरून नेईन. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय: तुम्हाला दिसेनासं झालंय.

मंगला