कोणती खाट कमी करावी?

सोमवार, ३ तारीख

पोहोचले एकदाची! बसने हाडं खिळखिळी केली, पण गाव बघून शीण उतरला. रस्ते झाडलेले, दारं नुकतीच रंगवलेली, आणि माणसं अशी अगत्यशील की माझी बॅग कोणी उचलायची यावरून दोघांत जुंपली. आरोग्यकेंद्रामागची खोली मला दिलीय. खिडकीतून समोर वॉर्ड दिसतो: सहा लोखंडी खाटा, प्रत्येकीच्या पायाशी पांढऱ्या रंगात क्रमांक.

काम सोपं आहे. वरच्या कार्यालयाला सहाच्या चार खाटा करायच्यात, पण लोकांना विचारून केल्या असं दिसायला हवं. असं दाखवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. अहवाल नीट गेला की शहरात बदली, आणि मग लेक माझ्याजवळ. सहा वर्षांची झाली. हल्ली सासूबाईंनाच आई म्हणते. फोनवर ते ऐकलं की मी घाईघाईने फोन ठेवते.

बुधवार, ५

वॉर्डात फेरी मारली. नर्सबाई बोलतात मोजकं, हात मात्र सतत चालू. एक नंबरवर पोस्टमनची आई, दम्याने बेजार. दोन नंबरवर शिवणकाम करणारी पोरगी, पाय प्लास्टरमध्ये. सहा नंबरच्या म्हाताऱ्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण एकदा सुरू झाला की बंद करायचं बटणच नाही. मला तासभर धरून ठेवलं आणि निघताना म्हणाला, अजून मुद्द्यावर आलोच नाही.

शनिवार, ८

काय सभा झाली! इतर गावांत सतरंज्या उरतात. इथे झाडून सगळे आले. अध्यक्ष निवृत्त मास्तर. मी छापील प्रश्न वाचला: खाटा कमी करायच्या झाल्यास कोणत्या कराव्यात? वर आपलं नेहमीचं भाषण: पर्यायांतून निवड झाली तरच तो लोकांचा निर्णय, आणि तुमचा निर्णय अंतिम. कोणतीही खाट उचलली तरी मला काय फरक पडणार होता? विचारायचं म्हणून विचारलं.

पण ते खूप वेळ कुजबुजत राहिले. बायकांनी डोळे पुसले, मला हसूच आलं. मग मास्तरांनी एकेक क्रमांक पुकारून हात मोजले. ठरलं: एक आणि सहा. एक नंबरसाठी पहिला हात पोस्टमनचा होता.

रविवार, ९

सकाळी एक आणि सहा रिकाम्या. गाद्या गुंडाळलेल्या, खाटा धुऊन उन्हात ठेवलेल्या. वाटलं, दोघांना घरी सोडलं. नर्सबाई म्हणाल्या, गेले दोघंही, पाठोपाठ, फार त्रास होऊ दिला नाही.

कसे गेले, हे मी विचारलं. त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं, की खाटेवर माणूस असताना खाट काढता येत नाही. सभेत ठरलं ते, तुमच्यासमोरच.

पोस्टमन टपाल द्यायला आला. आईबद्दल विचारलं तर म्हणाला, सगळं गाव एकीकडे असताना मी एकट्याने मोडता कशाला घालू?

सोमवार, १०

तक्रार लिहिली. फाडली. वर काय सांगू, प्रश्न मीच विचारला म्हणून? चौकशी बसेल, बदली जाईल, लेक जाईल. ते दोघं तर काही परत यायचे नाहीत.

अहवाल पाठवला. ‘लोकसहभाग उत्स्फूर्त.’ स्वतःची शिसारी येते.

गुरुवार, १३

कार्यालयाचं पत्र. शाबासकी. इतकं एकमत असेल तर आणखी एक खाट कमी करून घ्या, मग बदलीचा हुकूम काढू.

पाकीट आधीच फोडलेलं होतं. गावाला माझ्याआधी कळलं. ज्यांना चालता येत होतं ते रुग्ण दुपारपर्यंत पळाले. उरली एकटी शिवणकामवाली. माझा पदर धरून रडली. मी शब्द दिला, सभा होणार नाही. खरंच मनापासून दिला.

शुक्रवार, १४

सभा रद्द, हे सांगायला गेले. नर्सबाई म्हणाल्या, चेहरा उतरलाय, ताप बघू. मला ताप नव्हता. त्यांनी एकशे तीन लिहिला.

दारात पोस्टमन, आणखी दोघं. मास्तर फार गोड बोलले. एकच रुग्ण असेल तर निवड कसली, पर्याय हवा, तुम्हीच शिकवलंत.

मग सुई.

मी चार नंबरवर आहे.

शनिवार, १५

पाय हलत नाहीत. हात हलतात — ते मुद्दाम ठेवलेत.

शिवणकामवालीने मधल्या रिकाम्या खाटेवरून हात लांबवून पाणी पाजलं. म्हणाली, ताई, आपण दोघींनी हात वर करायचाच नाही. एकमेकींविरुद्ध तरी नाही. मी हो म्हटलं. शपथ घेतली.

दुपार

आले. सगळे. खाटांभोवती उभे. मास्तर म्हणाले, रुग्णांनाही मत आहे.

आधी दोन नंबर. कमी करावी म्हणणाऱ्यांनी हात —

मी केला. लेकीसाठी केला. शिवणकामवालीकडे न बघता केला.

माझा धरून एकेचाळीस.

आता चार. मोजताहेत — अडतीस — एकोणचाळीस — चाळीस —

चाळीस! वाचले —

मास्तर थांबलेत. एक मत राहिलंय म्हणतात. सगळे दोन नंबरकडे — बरोबरी झाली तर पुन्हा —

नाही, मागे एक म्हातारी, तिचाही हात — एकेचाळीस —

पोरी, माझ्याकडे बघ. मला लेक आहे गं. बघ ना — नको, हात खाली, खाली ठे—