दुरुस्तीला ठेवलेल्या बंदुकीबाबत

मी, खाली सही करणारा, धंद्याने बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, वय सत्त्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून स्वतःची खात्री करून घेतली. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणण्याची हौस या शहरात फक्त सरकारला आहे, आणि त्याला मी जन्मात भीक घातली नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं.

कलम १. तळमजल्यावरचं दुकान आणि त्यावरचं राहतं घर ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे. ती माझ्या पश्चात संपूर्णपणे सूनबाईंच्या मालकीची होईल. चिरंजीवांना तिथे राहता येईल ते सूनबाईंच्या मर्जीने, आणि मर्जी असेपर्यंतच.

घराबरोबर येणारं दुखणंही सांगून ठेवतो. दुकानाची पायरी रस्त्यात येते म्हणून नगरपालिकेची एक नोटीस आहे. पायरी काढली तर म्हाताऱ्या माणसांना चढता येणार नाही, म्हणून काढू नये, अशी दुसरी नोटीस आहे. दोन्हींवर सही एकाच साहेबाची. पाटीचा रंग, गॅलरीतल्या कुंड्या, दाराबाहेरचं स्टूल, या सगळ्यांवर सरकारचं बारीक लक्ष असतं. स्टुलाची पाहणी करायला तर एकदा दोघे आले होते, आणि त्यातला एक दमला म्हणून त्याच स्टुलावर बसला. सूनबाईंनी पहिल्या नोटिसीला उत्तर म्हणून दुसरी पाठवावी आणि दुसरीला पहिली. मी तेच करत आलो आहे. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

कलम २. माझी सगळी हत्यारं, म्हणजे कानशी, पकडी, ड्रिल आणि तेलाच्या बुधल्यांसकट कपाट, पलीकडच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याला द्यावीत. तो हत्यार वापरून झाल्यावर पुसतो. या जगात अशी माणसं कमी उरली आहेत.

कलम ३. पोलीस ठाण्याला माझ्याकडून काहीही नाही. दर वर्षी तिथले साहेब दुकान तपासायला येतात. कपाटाच्या पत्र्याची जाडी मोजतात, कुलूप ओढून बघतात, माझा डाव्या बाजूने काढलेला फोटो मागतात. मागच्या खेपेला त्यांनी फळीवरची एक बंदूक उचलली ती नळी स्वतःच्या पोटाकडे धरूनच. मी नुसता बाजूला झालो. हीच माणसं ठरवणार, कोणाच्या घरात बंदूक असावी आणि कोणाच्या नाही. पत्रा जाड असला की माणूस सज्जन!

बंदूकधारकांच्या संघटनेलाही काही नाही. तिचे अध्यक्ष सभेत छाती पुढे काढून सांगतात, "बंदूक म्हणजे स्वातंत्र्य." त्यांचं स्वातंत्र्य दुरुस्तीला माझ्याकडे आलं होतं. नळीत कोळ्याचं जाळं होतं. या संघटनेचे चिटणीस माझे चिरंजीव आहेत. सरकारने घरात नाक खुपसू नये, असं तेही भाषणात सांगतात. वाक्यं माझीच आहेत. लहानपणापासून दुकानात बसून ऐकलेली.

कलम ४. माझ्या धंद्याची एक रीत होती. ती कोणत्याही कायद्यात नाही, म्हणून इथे लिहितो. दुरुस्त झालेली बंदूक मी ग्राहकाला लगेच देत नसे. आधी त्याच्याशी पाऊस, गुडघे, भावकी असं काहीबाही बोलत बसायचो. माणूस तापलेला दिसला की म्हणायचो, "स्प्रिंग यायचीय हो, पुढच्या आठवड्यात या." बंदूक आतल्या कपाटात तयार असायची. ही गोष्ट ग्राहकांच्या बायकांना पक्की ठाऊक होती. त्या मागच्या दाराने यायच्या, आमच्या हिच्याशी दोन शब्द बोलायच्या, आणि ही मला आतून सांगायची, "त्या उंच माणसाची स्प्रिंग महिनाभर येणार नाही बरं का." कोणाकडे जमिनीचं भांडण पेटलेलं असायचं, कोणाकडे दारू. भांडण निवलं की स्प्रिंग यायची. साहेबांनी एवढे पत्रे मोजले, पण परवाना देताना कोणाच्या बायकोला कधी एक शब्द विचारला नाही. ही गेली तरी बायका येत राहिल्या.

कलम ५. चिरंजीवांची दुनळी बंदूक सध्या माझ्या दुकानात दुरुस्तीला आहे. तिची हकीकत अशी.

एका दुपारी सूनबाई मागच्या दाराने आल्या. रोज पुढच्या जिन्याने खाली येतात, म्हणून मला नवल वाटलं. हातात चादरीचं लांब गाठोडं होतं.

"बाबा, ह्यांच्या बंदुकीचं काहीतरी बिघडलंय."

"काय बिघडलंय गं?"

"ते तुम्हीच सांगा काय बिघडलंय ते," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

मी बंदूक उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. भरलेली बंदूक चादरीत गुंडाळून ही पोर भर दुपारी मागच्या गल्लीतून वळसा घालून आली होती, आणि भरलेली आहे हे तिला माहीतही नव्हतं. मी काडतुसं काढून टेबलावर ठेवली तेव्हा ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"जेवताना ताटाशेजारी ठेवतात," ती म्हणाली. "बोलत काही नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं की बंदुकीवर नुसता हात ठेवतात."

वर माझ्या डोक्यावर, माझ्याच घरात हे चाललं होतं. कायद्याने सगळं चोख होतं. परवाना खरा, कपाट मजबूत, फोटो डाव्या बाजूने काढलेला.

त्या दिवसापासून चिरंजीवांची स्प्रिंग आलेली नाही. दर रविवारी ते विचारतात, मी मान हलवतो. गेल्या रविवारी मात्र काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "बाबा, मला खुळा समजता काय? लोकांना स्प्रिंगची थाप मारता ते मी शाळेत असल्यापासून बघतोय. येत्या रविवारी असेल तशी घेऊन जाणार. परवाना माझ्या नावावर आहे. माझ्या घरात काय चालतं ते बघणारे तुम्ही कोण, आणि सरकार तरी कोण?"

म्हणून असं लिहिलं होतं, की माझ्या मृत्यूनंतर साक्षीदारांनी ही बंदूक चिरंजीवांच्या हाती पडू न देता ठाण्यात जमा करावी, आणि परवाना रद्द करण्याबद्दलचा माझा अर्ज सोबत द्यावा.

इथवर लिहून काल मी हे सूनबाईंना वाचून दाखवलं.  त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, हे उघडणार कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि रविवारी?"

 मला भीती वाटली. इतक्या वर्षांत बंदुकीची कधी वाटली नव्हती ती काल वाटली, आणि रात्रभर गेली नाही.

सबब, कलम ५ मधली वरील तरतूद मी रद्द करीत आहे. तिची अंमलबजावणी माझ्या हयातीतच झाली आहे. आज सकाळी बंदूक घेऊन सूनबाईंसह मी ठाण्यात गेलो. बाहेरच्या बाकावर बसून नंबर येण्याची वाट बघितली. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "नूतनीकरणाची खिडकी आज बंद आहे." मी म्हणालो, "नूतनीकरण नको, काढून घ्या." त्यांना ते तीनदा सांगावं लागलं. त्यासाठी कोणता कागद लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण आजवर ते मागायला कोणी आलंच नव्हतं.

शेजारच्या टेबलावर एक हवालदार बाई होत्या. त्या उठल्या, सूनबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, घरी काय होतं ते सांगा." मग माझ्याकडे बघून, "काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" मी बाहेर थांबलो. सरकारने मला हाकललं आणि मी मुकाट्याने गेलो, असं प्रथमच घडलं. सूनबाई बराच वेळ आत होत्या. या मृत्युपत्रात मी सरकारला जे काही बोललो आहे, त्यातून त्या बाईंना वगळावं. बाकी एक अक्षरही मागे घेत नाही.

कलम ६. चिरंजीवांसाठी. बंदूक ठाण्यात आहे, आणि परवान्याबद्दल तिथून तुम्हाला बोलावणं येईल. तक्रार कोणी केली म्हणून तुम्ही सूनबाईंकडे बघाल. बघू नका. त्यांनी दिली ती साक्ष. तक्रारदार म्हणून नाव माझं आहे, सही माझी आहे, आणि खाली नातं लिहिलं आहे, वडील. मृत्युपत्र उघडेपर्यंत थांबायला नको म्हणून या कलमाची नक्कल आजच तुमच्या हातात देत आहे. राग काढायचा असेल तर वर जाऊ नका. मी अजून हयात आहे, आणि दिवसभर खाली दुकानातच असतो.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: बंदूक दुरुस्त करणारा

साक्षीदार १: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला ते
साक्षीदार २: शेजारचा शिंपी. (शिंप्याने सहीखाली स्वतः लिहिलेलं: रविवारी दिवसभर मी यांच्या दुकानात बसणार आहे.)

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार