न झालेलं लग्न

सांगली, १२ ऑगस्ट २०२३

ती. आईंना,
रूपालीचा शि. सा. न. आणि जय जिनेंद्र.

फोन करत नाही याचा राग मानू नका. तुमचा आवाज ऐकला की रडू येतं आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहिते. इकडं सगळे बरे आहेत. मला यंदा चौथीचा वर्ग शिकवायला मिळालाय. तुमचा गुडघा कसा आहे? जिना अजून घाईनंच उतरता का?

कोर्टाची नोटीस तुम्हाला मिळाली असेल. घटस्फोट नको, लग्नच रद्दबातल ठरवून घेऊ, असं माझ्या पप्पांच्या वकिलांचं म्हणणं आहे. लग्नाच्या वेळीच मनाच्या आजारामुळे नवरा संमती द्यायच्या अवस्थेत नव्हता हे दाखवलं, तर कोर्ट तसं करू शकतं म्हणे. त्यांनी अर्जात सम्मेदना ‘वेडसर’ लिहिलं होतं. तो शब्द मी खोडायला लावला. सात महिन्यांत तुमचा मुलगा माझ्यावर एकदाही ओरडला नाही. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पाहुण्या कुठून आलात, असं अदबीनं विचारलं. तुम्ही तिथंच होतात, आई. तुम्ही ऐकलंत आणि पोळी लाटत राहिलात.

आता तुमच्या दिरांनी, भूपालकाकांनी, सम्मेदच्या वतीनं कोर्टात लिहून दिलंय की मुलगा लग्नापर्यंत ठणठणीत होता, माझ्या जाचानं त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. हे तुम्हाला विचारून लिहिलंय का, एवढंच कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
रूपाली

सातारा, २५ ऑगस्ट २०२३

चि. रूपालीस,
गुणमालाचे पुष्कळ आशीर्वाद.

नावाआधी ‘सौ.’ लावायचं का न्हाई ते कळंना, म्हणून नुसतं चि. लिवलंय. वाचताना तुझं लाल पेन लांब ठेव. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र हाय. गुडघा हाय तसाच हाय.

भावजींनी मला विचारलं न्हाई. पण विचारलं असतं तरी मी गप्पच बसले असते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

सम्मेद एकविसाव्या वर्षी आजारी पडला. कानात कोण कोण बोलतंय म्हणायचा. तवापासनं गोळ्या चालू. गोळीवर तो चांगला राहायचा, कामावर जायचा, फक्त जरा पेंगुळलेला दिसायचा. लग्नाआधी तीन आठवडे मीच त्याच्या गोळ्या बंद केल्या. पाहुण्यांत पोरगं तरतरीत दिसावं, एवढीच अक्कल मला सुचली. मांडवात उभा होता तवा लगीन कुणाचं लागतंय हे त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं. मुलीच्या माणसांना आधी सांगा असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते. तुला बघितलं आणि वाटलं, ही पोरगी सांभाळून घेईल. सांभाळायचं काम माझं होतं, ते मी तुझ्या गळ्यात घातलं.

हे पत्र तुझ्या वकिलाला दे. डॉक्टरांची सगळी फाइल माझ्याजवळ हाय, ती घेऊन मी साक्षीला येणार. भावजी म्हणाले, घरातल्या पोरींची लग्नं अडतील. मी म्हणाले, त्या पोरींनाच कुणी असं फसवलं तर तुमी काय कराल. ते चहा न घेता उठून गेले.

जीव लावलास तसा थोडा रागपण ठेव, चालंल.
गुणमाला

सांगली, ९ डिसेंबर २०२४

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

निकाल आला. लग्न रद्दबातल झालं. कायद्यानं आता मी तुमची कुणी नाही, तरी ‘आई’शिवाय दुसरं काही लिहायला हात वळेना. चालवून घ्या.

तुमची साक्ष मी रोज एकदा तरी आठवते. काकांच्या वकिलानं, सुनेनं तुम्हाला पढवून आणलंय का, असं विचारलं आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, हिनं मला फक्त ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं. जज्जमॅडमनाही हसू आवरलं नाही. पण मग गोळ्या कुणी बंद केल्या हे विचारल्यावर तुम्ही ‘मी’ म्हणालात. त्या कुटुंबाचं तोंड बघणार नाही म्हणणारे माझे पप्पा बाहेर आल्यावर तुमच्यासाठी रिक्षा बोलवायला गेले आणि स्टँडपर्यंत तुमची पिशवी धरून बसले.

राग अजून आहे, आई. तुम्ही ठेव म्हणालात म्हणून नव्हे, तो आहेच. पण तुमच्यावरची मायाही हटत नाही. सम्मेद कसे आहेत?

पत्र पाठवत राहा, एवढी विनंती.
रूपाली

सातारा, ६ जानेवारी २०२५

रूपाली यांस,
सम्मेदचा नमस्कार.

तुम्ही माझी चौकशी केलीत असं आई म्हणाली, म्हणून मीच लिहितो. गोळ्या चालू आहेत. एका छापखान्यात पुस्तकबांधणी करतो. तिथं फार बोलावं लागत नाही.

निकालाची प्रत मी दोनदा वाचली. काका म्हणतात आपला अपमान झाला. मला तसं वाटलं नाही. माझ्यात जे आहे ते आजारपण आहे, असं कुणीतरी लिहून दिलं. आणि तुमचा त्यात काही दोष नव्हता, हेही लिहिलंय. ते वाचून बरं वाटलं.

एक विचारायचं आहे. लग्नाचा दिवस मला आठवत नाही. त्या दिवशी मी तुमच्याशी काही वाईट वागलो का? आईला विचारलं की ती रडते. तुम्ही खरं सांगाल असं वाटतं.

सम्मेद

सांगली, १३ जानेवारी २०२५

सम्मेद यांस,
स. न.

तुमचं पत्र वर्गातच उघडलं. मुलांना गणितं घालून लगेच लिहायला बसले आहे.

नाही, तुम्ही वाईट वागला नाहीत. अक्षता पडत होत्या, तेव्हा एक दाणा माझ्या डोळ्यात गेला. डोळ्याला धार लागली. सगळ्यांना वाटलं, मुलगी माहेरसाठी रडतेय. तुम्ही वाकून पाहिलंत, उपरण्याच्या टोकानं तो दाणा अलगद काढलात आणि दुखतंय का, असं विचारलंत. त्या दिवशी मला दुसऱ्या कुणी काही विचारलं नव्हतं.

गोळ्या चुकवू नका. आईंना जिना हळू उतरायला सांगा.

रूपाली